हेल्मेटच्या पट्ट्याबद्दल कोणाचे ऐकावे?

माझे हेल्मेट सहा वर्षे जुने होते आणि ते उत्तम आहे असे मी कोणालाही छातीठोकपणे सांगत असे. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला की मी म्हणे, "सहा वर्षे झाली, एकदाही तक्रार नाही. घ्यायचे तर असेच घ्या." माझ्या शब्दावर विसंबून दोघांनी तसे हेल्मेट घेतलेही. मग एका रविवारी मी भोसरीहून चाकणला बहिणीकडे निघालो. मोशी मागे टाकून इंद्रायणीच्या पुलावर आलो, शेजारून एक लांबलचक कंटेनर सुसाट गेला, त्याच्या वाऱ्याच्या झोताने मान जराशी मागे झाली, आणि हनुवटीखाली 'टक्' असा आवाज होऊन हेल्मेट डोक्यावरून उडाले. आपटत, घरंगळत ते कठड्यापाशी जाऊन थांबले. मागून कोणी येत नव्हते म्हणून ते आणि मी दोघेही शाबूत राहिलो.

घरी आल्यावर मी भिंगातून पट्ट्याची क्लिप पाहिली. ही क्लिप तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. शाळेच्या दप्तरालाही तशीच असते. एका भागाला दोन लवचीक दांड्या, दुसऱ्या भागात त्यांच्यासाठी दोन खाचा. आत ढकलले की दांड्या आधी दबतात, मग पसरून खाचांत बसतात. माझ्या क्लिपच्या एका खाचेत धूळ आणि घामाचा मळ दगडासारखा घट्ट बसला होता. त्या बाजूची दांडी पुरती पसरतच नव्हती. कित्येक महिने माझे हेल्मेट एकाच दांडीच्या भरवशावर डोक्यावर बसलेले होते, आणि तेवढा सगळा काळ मी त्याची तारीफ करीत होतो.

सहा वर्षांच्या अनुभवाने मी नेमके काय सिद्ध केले होते? क्लिप लावता येते आणि काढता येते, एवढेच. अपघातात ती धरून राहील का, या प्रश्नावर माझा अनुभव शून्य होता. तरी माझे मत ठाम होते आणि दोन माणसांनी त्यावर पैसे खर्च केले होते.

पुढच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गाला काम दिले. आमच्या वर्गातील मुलांपैकी अनेकांचे वडील, काका, मोठे भाऊ चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. कोणी महाळुंग्याला, कोणी निघोज्याला, कोणी खराबवाडीला. पहाटे पाच वाजता पहिल्या पाळीची माणसे निघतात तेव्हापासून रात्री उशिरापर्यंत पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाक्यांची रांग तुटत नाही. एवढे अनुभवी दुचाकीस्वार एका ठिकाणी आणखी कुठे मिळणार? मुलांनी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे होते: तुमच्या हेल्मेटचा पट्टा कसा आहे, आणि तो किती टिकला?

वह्या जमा झाल्या आणि मी त्या रात्री उशिरापर्यंत वाचीत बसलो. उत्तरे मोठी रसाळ होती. कोणी म्हणाले, क्लिपवाला पट्टा चांगला, हातमोजा घालूनही लागतो. कोणी म्हणाले, दातेरी पट्टीचा सर्वांत उत्तम, थंडीत कानटोपी घातली की एक दात सैल करता येतो. एका काकांचे मत होते की दोन कड्यांचा जुना पट्टाच खरा, बाकी सगळी खेळणी. एकाने पट्टा मानेला काचतो म्हणून कापून टाकला होता. आणि एका मुलीच्या वहीत तिच्या वडिलांचे उत्तर होते: "पट्टा बारा वर्षे टिकला, अजून नव्यासारखा आहे." खाली तिने प्रामाणिकपणे लिहिले होते, "बाबा पट्टा लावत नाहीत. कंपनीच्या गेटवर हेल्मेट डोक्यावर दिसले की झाले, असे म्हणतात."

वर्गात हे वाचून दाखवले तेव्हा मुले खो खो हसली. मीही हसलो, पण माझ्या सहा वर्षांच्या प्रशस्तिपत्रात आणि या बारा वर्षांच्या प्रशस्तिपत्रात फारसा फरक नव्हता.

आता मला जे म्हणायचे आहे ते सांगतो. वापरणाऱ्याचे मत ही कवडीमोलाची वस्तू आहे असे समजणारे काही शास्त्रज्ञ मंडळी असतात, आणि वापरणाऱ्याचे मत हाच अंतिम निकाल असे समजणारे दुकानदार असतात. दोघेही मला पटत नाहीत. प्रश्न मताचा नसून ते मत कशाविषयी आहे याचा आहे. पट्टा काचतो की नाही, हातमोज्याने लागतो की नाही, पावसात भिजल्यावर वाळायला किती वेळ लागतो, या बाबतीत दुचाकीस्वाराइतका जाणकार कोणी नाही. प्रयोगशाळेने त्याच्यापुढे मान तुकवावी. पण पट्टा आपटीत तुटणार नाही असे तो म्हणतो तेव्हा तो अनुभव सांगत नसतो, इच्छा सांगत असतो.

आपल्या पिंपरी-चिंचवडला हे खरे तर कोणी शिकवायला नको. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ मध्ये चेतक स्कूटर बाहेर पडली. (आज ते नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला आहे; ते २०२० मध्ये परत आले.) जुनी चेतक सुरू होईना की लोक ती तिरकी करीत, थोडा वेळ तशीच धरीत, मग किक मारीत. पुष्कळदा ती सुरूही होई. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते, चालवणाऱ्यांनी ते शोधले होते. पण त्याच स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत. इतकी वर्षे थांबून जी वस्तू घरात आली, हळदकुंकू लावून जिचे स्वागत झाले, तिला वाईट कोण म्हणणार? तेव्हा एकाच माणसाच्या एका मतात बारीक निरीक्षण असते आणि दुसऱ्या मतात निव्वळ माया. दोन्ही तो सारख्याच आवाजात सांगतो, आणि ती वेगळी करण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे.

दातेरी पट्टीवरून एक गंमत आठवली. आमचा एक माजी विद्यार्थी चाकणला नोकरी करतो. हिवाळ्यात तो मित्रांबरोबर गुलमर्गला गेला आणि तेथे भाड्याने स्नोबोर्ड घेऊन बर्फावर पडत-धडपडत आला. स्नोबोर्ड म्हणजे एक रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे आणि उतारावरून घसरायचे. परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, पाय बांधायची पट्टी अगदी आपल्या हेल्मेटसारखी. दाते असलेली, आत ढकलली की कर्रकर्र पुढे जाते, मागे येत नाही." त्याचे निरीक्षण बरोबर आहे, रचना एकाच जातीची आहे. एका अंगाने उतार आणि दुसऱ्या अंगाने उभी भिंत असलेले दाते, आणि त्यांत स्प्रिंगने दाबून धरलेली जीभ. पट्टी पुढे सरकते तेव्हा जीभ उतारावरून चढून जाते. मागे ओढली की भिंतीला अडते. विहिरीवरच्या रहाटाला उलटे फिरू न देणारा खुंटा आठवा, तेच तत्त्व.

पण बर्फावरच्या दोन खेळांची बंधने वेगवेगळ्या स्वभावाची असतात, हे त्याला ठाऊक नव्हते. स्कीमध्ये प्रत्येक पायाला वेगळी पट्टी असते. पडताना एक पाय पिळवटला तर नडगी मोडेल किंवा गुडघा जाईल, म्हणून तेथील बंधन ठराविक जोरापलीकडे आपोआप सुटावे असेच बनवतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला असतात; एक सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर फळीचा सगळा पीळ त्या एकाच पायावर येईल. म्हणून तेथील नेहमीचे बंधन पडल्यावरही सुटत नाही. 'कोणते बंधन मजबूत?' हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. केव्हा धरावे आणि केव्हा सोडावे, हे आधी ठरवावे लागते. हेल्मेटच्या पट्ट्याचे उत्तर आणखी निराळे आहे: आपटीत काही झाले तरी सुटायचे नाही, पण नंतर मदतीला आलेल्या माणसाला काढता आले पाहिजे.

दोन कड्यांचा पट्टा हे कसे साधतो ते पाहण्यासारखे आहे. पट्टा दोन्ही कड्यांतून एकदम आत घालायचा, मग परत फिरवून एकाच कड्यातून बाहेर काढायचा. पट्ट्यावर ओढ बसली की एक कडे दुसऱ्यावर दाबले जाते आणि मधला पट्टा चिमटला जातो. ओढ जितकी जास्त तितका चिमटा घट्ट. येथे ना स्प्रिंग, ना दाते, ना प्लॅस्टिकची दांडी. सगळे काम घर्षणाचे. आणि कड्याला असलेली लहान दोरी किंवा लूप बोटाने ओढले की चिमटा सैल होतो. उरलेले टोक फडफडू नये म्हणून बहुधा एक टिचबटण असते. काही लोक कड्यांचा त्रास नको म्हणून नुसते बटणच लावतात! ते बटण टोक धरण्यापुरते आहे, डोके धरण्यापुरते नाही.

घर्षणाची ही करामत शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येते. एक गुळगुळीत आडवी सळई घट्ट बसवा. सुतळीच्या एका टोकाला ५०० ग्रॅमचे वजन टांगा, सुतळी सळईवरून घेऊन दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावा आणि वजन घसरू नये म्हणून किती ओढ लागते ते पाहा. नंतर सळईभोवती एकेक वेढा वाढवीत जा. सुतळी आणि सळई यांचा घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला सुमारे १९५ ग्रॅमची ओढ लागते, एका पूर्ण वेढ्याला ७६ ग्रॅमची, दीड वेढ्याला ३० ग्रॅमची, आणि दोन वेढ्यांना अवघ्या १२ ग्रॅमची. तुमच्या सुतळीचा घर्षणांक वेगळा असेल तर आकडे वेगळे येतील, पण एक गोष्ट तशीच राहील: दर अर्ध्या वेढ्याला ओढ ठराविक पटीने घटते. वेढे बेरजेने वाढतात, पकड गुणाकाराने वाढते. उधळलेला बैल खुंटाला दोन वेढे टाकून एक पोरगा धरू शकतो, त्याचे कारण हेच.

क्लिपच्या बाबतीत असा गुणाकार नाही. सगळा भार दोन दांड्यांच्या टोकांवरील बोटाएवढ्याही नसलेल्या आकड्यांवर येतो. म्हणून क्लिप वाईट असते असे मी म्हणत नाही. चांगल्या प्लॅस्टिकची, नीट घडवलेली, स्वच्छ क्लिप आपले काम करते. पण तिला स्वच्छ आणि धड राहावे लागते, आणि या अटीचे चाकणच्या रस्त्यावर काय होते हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

आता भार किती येतो ते बघू. संयुक्त राष्ट्रांच्या २२ क्रमांकाच्या नियमावलीत (युरोपात हेल्मेटसाठी ती पाळतात) पट्ट्याची एक कसोटी आहे. पट्टा जबड्यासारख्या चौकटीला लावतात आणि तिच्यावर १० किलोग्रॅमचे वजन ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडतात. हिसका बसताना पट्ट्याचा तळ ३५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली सरकता कामा नये. आपण आठवीत-नववीत शिकतो त्या कार्य-ऊर्जेच्या नियमाने हिशेब करा. वजन एकूण ७८.५ सेंटिमीटर खाली येते, म्हणजे १० × ९.८ × ०.७८५ = सुमारे ७७ ज्यूल ऊर्जा पट्ट्याला गिळायची आहे, आणि तीही ०.०३५ मीटर अंतरात. भागाकार केला की सरासरी बल येते सुमारे २२०० न्यूटन. धडधाकट तीन माणसे पट्ट्याला लोंबकळली तर जेवढा भार होईल तेवढा, क्षणभर. तीन माणसे! आणि आपण पट्टा तपासतो कसा? दुकानात दोन बोटांनी ओढून.

काही वाचक म्हणतील, आम्ही इतक्या जोरात गाडी चालवतच नाही. त्यांच्यासाठी आणखी एक छोटा हिशेब. उभ्या गाडीवरून तोल जाऊन डोके दीड मीटरवरून जमिनीवर आले तरी आपटताना त्याचा वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे तासाला साडेएकोणीस किलोमीटर असतो. यात गाडीच्या वेगाचा काहीच हिस्सा नाही. शिवाय रस्त्यावरचा माणूस एकदाच आपटतो असे नाही. पहिल्या आपटीत न बांधलेले हेल्मेट निघून गेले तर दुसऱ्या आपटीला डोके उघडे असते.

भारत सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली; त्यांपैकी ३५,६९२ गाडी चालवणारी आणि १४,३३७ मागे बसलेली. आता मला सांगा, डोक्यावर हेल्मेट आहे पण पट्टा लोंबतो आहे, अशा माणसाला आपण कोणत्या बाजूला मोजायचे? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट कशाला म्हणायचे ते सांगतानाच, ते पट्ट्याने किंवा इतर बंधनाने डोक्याला घट्ट बांधलेले असावे, असे म्हटले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लोंबत्या पट्ट्याचे हेल्मेट ही जवळजवळ टोपीच. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलने झाली, तेव्हा सक्ती असावी की नसावी यावर भरपूर शाई खर्च झाली. पट्ट्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही, हे मला तेव्हाही खटकले होते.

मतांकडे परत येतो. आमच्या मुलांनी ज्यांना विचारले ती सर्व माणसे संध्याकाळी घरी परतलेली होती. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. ज्यांचा पट्टा ऐन वेळी सुटला त्यांतले काही उत्तर द्यायला नसतात. त्यामुळे घरी परतलेल्यांची मते कितीही गोळा केली तरी ती एका बाजूला झुकलेलीच राहणार. शंभरांना विचारा की हजारांना, झुकाव जात नाही. उलट आकडा मोठा दिसल्यामुळे विश्वास तेवढा वाढतो.

या चुकीचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास दुसऱ्या महायुद्धातला आहे. अब्राहम वाल्ड हा त्या वेळच्या हंगेरीत जन्मलेला गणिती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संख्याशास्त्रीय गटात काम करीत होता. लढाईवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कोठे आहेत यावरून न परतलेल्या विमानांविषयी अनुमान कसे काढावे, याची रीत त्याने १९४३ मध्ये मांडली. परतलेल्या विमानांवर ज्या ठिकाणी भोके कमी दिसतात, त्या ठिकाणी मार लागत नाही असे नव्हे. तेथे मार लागलेली विमाने परतत नाहीत. हाच वाल्ड १९५० च्या डिसेंबरात भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मरण पावला. वर्गात हे सांगितल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही.

न परतलेल्यांचीही साक्ष घ्यायची तर घटनास्थळीच जावे लागते. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटरसायकलच्या ९०० हून अधिक अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. तिचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडी, रस्त्यावरच्या खुणा, हेल्मेट, सगळे तपासले. मेहनतीचे आणि मन घट्ट करून करायचे काम. अशा एका पाहणीची किंमत मला दहा हजार 'चांगले आहे, घ्या' यांच्यापेक्षा जास्त वाटते.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मग प्रयोगशाळेवर सगळे सोपवावे आणि वापरणाऱ्यांनी गप्प बसावे. तसे मी म्हणणार नाही. आपल्या परिसराला कसोट्यांचे वावडे नाही. १९६६ मध्ये पुण्यात वाहन उद्योगासाठी संशोधन संस्था, म्हणजे एआरएआय, स्थापन झाली आणि तिचे चाकणलाही केंद्र आहे. भोसरीला रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे. हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे भारतीय मानक आहे आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनवणे-विकणे बेकायदा आहे. हे सर्व आवश्यकच आहे. पण कसोटीला जाणारे हेल्मेट कोरे करकरीत असते. त्याला मुद्दाम भिजवून, तापवून, गार करून बघतात हे खरे. तरी आमच्या मुलांच्या वह्यांत जे होते ते सगळे त्यात येत नाही. पार्किंगमध्ये आरशाला टांगलेले हेल्मेट पाळीचे आठ तास उन्हात असते. सूर्याच्या जंबुपार किरणांनी प्लॅस्टिकच्या लांब रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि दांडी ठिसूळ होते. घामातल्या मिठाने स्प्रिंग गंजते. रस्त्यावरची बारीक धूळ खाचांत जाते. नायलॉनचा पट्टा पाणी पितो आणि ओला असताना थोडा जास्त ताणला जातो. आणि क्लिप दिवसातून निदान दोनदा लावली जाते: वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर वर्षाला ६०० वेळा आणि पाच वर्षांत ३००० वेळा ती दांडी वाकते आणि सरळ होते.

एकदा वाकवून न मोडणारी वस्तू हजारदा वाकवून मोडते, हे जुने दुखणे आहे. जर्मनीत ऑगस्ट व्योलर नावाच्या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून ते मोजून दाखवले: आस एका मोठ्या भाराने मोडत नव्हते, लहान भाराच्या लाखो फेऱ्यांनी थकून मोडत होते. तेव्हापासून टिकाऊपणा म्हणजे नुसती ताकद नव्हे, हे अभियंते जाणतात. लोखंडाची तार घेऊन एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिलात तर तुम्हीही जाणाल. किती वेळा वाकल्यावर तुटली ते मोजून ठेवा.

तेव्हा दुचाकीस्वाराकडून खरी मोलाची माहिती मिळते ती येथे. 'पट्टा चांगला आहे' या वाक्याचा मला उपयोग नाही. 'तिसऱ्या पावसाळ्यानंतर क्लिप लावताना दोनऐवजी एकच टक् ऐकू येऊ लागली' या वाक्याचा फार उपयोग आहे. पहिल्या वाक्यात निकाल आहे, दुसऱ्यात निरीक्षण. दुर्दैवाने आपण लोकांना निकाल विचारतो. दुकानदार तोच सांगतो, जाहिरात तोच छापते, आणि माझ्यासारखा शिक्षकही तोच वाटत फिरतो. आमच्या मुलांना मी जे दोन प्रश्न दिले होते तेही निकालाचेच होते. ती चूक माझी. दुसऱ्या फेरीत आम्ही प्रश्न बदलले: पट्टा रोज लावता का? लावताना काय ऐकू येते? शेवटचा कधी धुतला? हेल्मेट दिवसभर कोठे ठेवता? कधी पडले आहे का? उत्तरे पहिल्या खेपेपेक्षा कंटाळवाणी होती आणि कितीतरी पटींनी उपयोगी होती.

एक तक्रार मात्र मला कारखानदारांपुढे मांडायची आहे. क्लिप तुटली तर ती बदलून मिळत नाही, असे अनेकांनी सांगितले. माझाही अनुभव तसाच: दुकानदाराने मला "नवे हेल्मेट घ्या" म्हटले, आणि शेजारच्या चप्पलवाल्याने पिशवीची क्लिप शिवून देण्याची तयारी दाखवली. नवे हेल्मेट सर्वांना लगेच परवडत नाही. मग माणूस सुतळी बांधतो, सेफ्टी पिन लावतो, किंवा पट्टा सोडून देतो. मोटरसायकलीचा क्लचचा तार कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, तर जीव ज्याच्यावर अवलंबून आहे तो पट्टा, कसोटीला उतरलेला, का मिळू नये? आणि कारखान्यांच्या गेटवर हेल्मेट पाहणाऱ्या पहारेकऱ्याला हनुवटीखाली पाहायलाही सांगावे. त्याला खर्च काही येत नाही.

बारा वर्षे टिकलेल्या पट्ट्याचे मालक नंतर शाळेत पालकसभेला आले होते. मुलीने त्यांना व्हरांड्यात उभे करून पट्टा लावायला लावला, मान खाली घालायला सांगितली आणि मागून हेल्मेटची कड दोन्ही हातांनी वर-पुढे ढकलली. पट्टा लावलेला असूनही हेल्मेट कपाळावरून निसटून तिच्या हातात आले. बारा वर्षांत पट्ट्याची लांबी त्यांनी एकदाही बेतलेली नव्हती. "सर, हे आधी कोणी सांगितले नाही," ते म्हणाले. मी त्यांना माझी इंद्रायणीच्या पुलावरची हकीकत सांगितली.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरी, शेजारी, गॅरेजमध्ये कोठे हेल्मेटची तुटलेली क्लिप किंवा उसवलेला पट्टा सापडला तर तो फेकू नका, शाळेत न्या. धड असलेल्या शंभर पट्ट्यांपेक्षा एक तुटलेला पट्टा अधिक बोलतो. भिंगाखाली धरून पाहा: दांडीच्या बुडाशी, ती वाकते तेथे, पांढुरकी रेघ दिसते का? दातेरी पट्टीचे कोणते दाते झिजले आहेत, सगळे की नेहमी वापरात येणारे दोन-तीनच? पट्टा उसवला असेल तर धागा तुटला आहे की शिवणीच्या भोकापाशी कापड फाटले आहे? स्प्रिंगवर गंज आहे का? प्रत्येक तुकड्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: किती वर्षे वापरला, रोज लावत होते का, हेल्मेट कोठे ठेवत होते, तुटला तेव्हा काय चालले होते. मालकाचे नाव लिहू नका, त्याची गरज नाही. आमच्या वर्गाच्या कपाटात अशा तुकड्यांचा एक खोका सुरू झाला आहे, आणि त्यातली पहिली चिठ्ठी माझी आहे.